ओकलंडच्या मैदानावरची एक दुपार

सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे आपल्याकडचे प्रवासी तो प्रसिद्ध लाल पूल पाहतात, उताराच्या रस्त्यांवर फोटो काढतात आणि परततात. खाडीपलीकडे ओकलंड नावाचे मोठे शहर आहे, याची कोणी दखलही घेत नाही. ते बंदराचे शहर आहे, उंच क्रेन, कंटेनर आणि कामगार वस्त्यांचे. मुंबईला आलेला पाहुणा न्हावाशेवा पाहायला जातो का? तसेच काहीसे.

आमचा भाचा तिथून जवळच, फ्रेमॉन्टला बरीच वर्षे नोकरीला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे पती-पत्नी महिनाभर त्याच्याकडे होतो. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही पुन्हा एकदा पूल पाहायला जाऊ म्हटले, तर तो म्हणाला, "मामू, पूल कुठे जात नाही. ओकलंडचा बेसबॉल संघ मात्र या मोसमानंतर चालला. त्याला बघून घ्या." त्याचा दहा वर्षांचा मुलगा हिरवी टोपी घालून आधीच दारात उभा होता.

फ्रेमॉन्टहून बार्ट नावाची लोकल थेट कोलिझियम स्टेशनला नेते. स्टेशनातून मैदानापर्यंत रुळांवरून जाणारा एक लांबलचक पादचारी पूल आहे, दोन्ही बाजूंनी जाळी लावलेला. त्यावर पाण्याच्या बाटल्या, शेंगांच्या पिशव्या आणि टोप्या विकणारे बसलेले. दादरच्या पुलावरून चालल्यासारखे वाटले. फरक एवढाच, की गर्दी नव्हती. हिरवे-पिवळे शर्ट घातलेले दोघे-चौघे निवांत चालले होते आणि विक्रेते त्यांच्याशी नावानिशी बोलत होते.

मैदान १९६६ साली बांधलेले, काँक्रीटचे मोठे गोल भांडे. खरे सांगायचे तर सुंदर नाही. २०१३ साली इथे गटाराचे पाणी तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत शिरले होते. पुढे रिकाम्या मैदानात भटक्या मांजरांनी संसार थाटला. एका बाजूला उंच भिंतीसारखा सज्जा आहे. नव्वदच्या दशकात फुटबॉल संघाला शहरात परत आणण्यासाठी तो बांधला आणि मागच्या हिरव्या टेकड्या कायमच्या झाकल्या. तो फुटबॉल संघ २०२० साली लास वेगासला निघून गेला. त्याआधी २०१९ मध्ये याच आवारातला बास्केटबॉल संघ खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. उरला होता तो हा अ‍ॅथलेटिक्स संघ. लोक लाडाने त्याला 'एज' म्हणतात.

सामना दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी सुरू झाला. चाळीस हजारांहून अधिक खुर्च्या आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या. भाच्याच्या बायकोने खिमा समोसे बांधून दिले होते, कारण तिथले हॉट डॉग आपल्याला चालणारे नव्हेत आणि या मैदानावर घरचे खाणे आत नेऊ देत. त्या समोशांनीच आमची ओळख करून दिली. पुढच्या रांगेत सत्तरीचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ मांडीवर वही आणि हातात पेन्सिल घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई. आमच्या मागे मेक्सिकन वंशाचे एक कुटुंब, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. डबा सगळीकडे फिरला. मागच्या आजींनी मोबदल्यात मीठ-मिरची लावलेले आंबे दिले. त्यानंतर परके असे कोणी राहिले नाही.

क्रिकेट पाहणाऱ्याला बेसबॉल समजायला अर्धा तास पुरतो. पिचर चेंडू टाकतो तो टप्पा न पाडता, थेट. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. तीन बाद झाले की बाजू बदलते आणि असे नऊ वेळा होते. चेंडू प्रेक्षकांत गेला की होमरन, म्हणजे आपला षटकार. पण तो इतका दुर्मीळ, की मैदानच उभे राहते. बरोबरीत सामना सोडायचा नाही, निकाल लागेपर्यंत खेळायचे. अवघड आहे ते दुसरेच: या खेळात बराच वेळ काहीही घडत नाही. पिचर टोपी सारखी करतो, बॅटर हातमोजे ओढतो, चेंडू जातो, कोणी मारत नाही.

आणि नेमक्या याच रिकाम्या वेळात लोक बोलतात. आम्हाला वाटते, हा खेळ बोलण्यासाठीच काढला असावा. डोळे मैदानावर ठेवून, एकमेकांकडे न पाहता तीन तास गप्पा चालतात. घराच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत बोलावे, तशा. वर्षाला १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. एवढ्या दुपारी शेजारी बसल्यावर माणसे नातलगच होणार. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला सेकंदांचे घड्याळ लावले आहे. त्यामुळे सामन्याची सरासरी लांबी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. वहीवाल्या काकांना ते मुळीच पसंत नव्हते. "रोजच्या चोवीस मिनिटांच्या गप्पा कापल्या आमच्या," ते म्हणाले.

बोलत काय होते? चालू सामन्याबद्दल फार थोडे. "याचा हात दमलाय," "त्याला आता काढा," एवढेच. बाकी सगळे गेलेल्या माणसांविषयी. हा संघ गेली काही वर्षे आपले चांगले खेळाडू मोठे झाले की दुसऱ्या संघांना देऊन टाकत होता किंवा जाऊ देत होता. टपालवाल्या बाई एकेकाची खबर देत होत्या. मॅट ऑल्सन अटलांटाला गेला, गेल्या वर्षी त्याने ५४ होमरन मारले. मार्कस सेमियन टेक्सासला गेला आणि २०२३ ची वर्ल्ड सिरीज जिंकला. मॅट चॅपमन टोरांटोला गेला होता, आता खाडीपलीकडच्या जायंट्सकडे आलाय, "पण आपल्याकडे नाही." सासरी गेलेल्या मुलींची खुशाली विचारावी, तोच स्वर. राग नव्हता. गेलेल्या प्रत्येकाचे यश त्या आपल्याच खात्यात मांडत होत्या.

जुन्या गोष्टी निघाल्या की काका वही बंद करत. याच शहरात शिकलेल्या रिकी हेंडरसनने १ मे १९९१ रोजी याच मैदानावर ९३९ वा बेस चोरून विक्रम मोडला, तो दिवस. (बेस चोरणे म्हणजे पिचरची नजर चुकवून पुढच्या टप्प्याला धावणे. आम्ही शब्द ऐकून आधी दचकलोच.) मग २००२ चे सलग वीस विजय. विसावा सामना ४ सप्टेंबरचा. अकरा-शून्य अशी आघाडी हातातून गेली, अकरा-अकरा झाले आणि शेवटच्या क्षणी होमरन मारून बारा-अकराने जिंकले. 'मनीबॉल' हा चित्रपट त्याच मोसमावरचा. त्या रात्री मैदानात ५५,५२८ लोक होते. पण आम्ही त्या दुपारी ज्यांच्याशी बोललो ते सगळेच हजर होते म्हणे, मागच्या आजीसुद्धा.

१९८९ ची गोष्ट मात्र सगळ्यांनी हळू आवाजात सांगितली. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये ओकलंडसमोर सॅन फ्रान्सिस्कोच होते. १७ ऑक्टोबरला तिसऱ्या सामन्याच्या थोडे आधी, संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी भूकंप झाला. पश्चिम ओकलंडमधला दुमजली महामार्ग कोसळून ४२ माणसे गेली. सामना पाहण्यासाठी लोक लवकर घरी परतले होते, रस्ता नेहमीपेक्षा मोकळा होता, म्हणून आकडा एवढ्यावर थांबला, असे तेव्हापासून मानले जाते. "माझा नवरा रोज त्याच रस्त्याने यायचा," टपालवाल्या बाई म्हणाल्या. "त्या दिवशी चार वाजताच टीव्हीपुढे बसला होता." पुढे त्या काही बोलल्या नाहीत. ओकलंडने ती स्पर्धा चारही सामने जिंकून घेतली.

जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही आणि भाचा उठलो. मागच्या रुंद बोळात एका बंद दुकानासमोर जागा मिळाली. आठ-दहा मिनिटांनी परत आलो आणि काय झाले म्हणून विचारले. काकांनी वही पुढे केली. चौकोनांत अंक, बाण, उलटसुलट अक्षरे. पेन्सिल टेकवत त्यांनी आमची चुकलेली इनिंग वाचून दाखवली: हा उंच मारून झेलबाद, हा चार चेंडू सोडून पहिल्या बेसवर, हा तीन स्ट्राइकमध्ये घरी. "थोडक्यात, काही झालं नाही. पण ते कसं झालं नाही, हे इथे लिहिलंय." अशा वह्या घरी किती आहेत विचारले, तर म्हणाले, "बायकोला विचारा. तिने मोजल्यात, कारण तिला त्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न आहे."

संघ जाणार कशामुळे, हा विषय निघाला की सूर बदलत होता. मालकांना नवे मैदान हवे होते, शहराशी वर्षानुवर्षे बोलणी चालली, जमले नाही. एप्रिल २०२३ मध्ये लास वेगासला जागा घेण्याची घोषणा झाली. तिकडे नेवाडा राज्याने ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा देऊ केला. लोक येत नाहीत, असे मालकांकडून सांगितले जाई. येत नव्हते हे खरेच. २०२३ च्या सबंध मोसमात जेमतेम ८ लाख ३२ हजार प्रेक्षक आले. पण संघ मोडून, तिकिटे महाग करून, मैदानाची डागडुजी न करता लोक का यावेत, हा चाहत्यांचा सवाल होता. १३ जून २०२३ रोजी त्यांनी उलटा बहिष्कार केला. घरी बसण्याऐवजी सगळ्यांनी एकाच सामन्याला यायचे ठरवले. मंगळवार असूनही २७,७५९ लोक आले. 'विकून टाका' असे मालकांना सांगणारे हिरवे शर्ट अंगावर होते. पाचव्या इनिंगला सगळे आधी चिडीचूप राहिले आणि मग त्याच एका घोषणेने मैदान दणाणून गेले. सामनाही जिंकले. त्याच रात्री नेवाडाच्या सिनेटने पैशाच्या ठरावाला मंजुरी दिली.

आमच्या मनात सारखी आपली कोकणातली गावे येत होती. आपल्याकडे मोहल्ल्याचा, वाडीचा क्रिकेट संघ असतो. उत्तम फलंदाज तयार होतो आणि व्हिसा आला की आखातात जातो. दर दोन वर्षांनी निम्मा संघ बदलतो. पण संघ गावातच राहतो, कारण तो कोणाच्या मालकीचा नसतो. ओकलंडमध्ये खेळाडू तर जातच होते, आता संघच सामान बांधत होता, नावासकट आणि जिंकलेल्या चषकांसकट. भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "मामू, हा संघही फिलाडेल्फियाचा होता. तिथून कॅन्सस सिटी आणि १९६८ ला इथे. आपण तेव्हा कोणाचा तरी घेतलाच होता ना." त्याचे म्हणणे, धंदा आहे, मनाला लावून घेऊ नये. एवढे बोलून त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. नव्या देशात आल्यावर स्वस्त तिकीट काढून रविवार घालवायला हेच एक ठिकाण होते, असे तो आदल्या रात्री जेवताना सांगत होता.

सातव्या इनिंगला सगळे उठून हातपाय ताणतात आणि बेसबॉलचे ते जुने गाणे म्हणतात. उजव्या टोकाच्या स्वस्त बाकांवरून ढोल घुमत होते. गाणे संपून सगळे बसत असताना आमच्या नातवाने काकांना विचारले, "पुढच्या वर्षी तुम्ही कोणाचे?"

भाच्याने त्याला दटावले. काकांनी त्याला थांबवले. एक चेंडू गेला, स्ट्राइक. तो त्यांनी वहीत नोंदवला. दुसरा गेला. मग म्हणाले, "बाळा, एक्क्याऐंशी दुपारी मोकळ्या होणार आहेत. बायको म्हणते, माळा साफ करू. सध्या तेवढंच ठरलंय." मग त्यांनी त्याला विचारले, "तू?" मुलगा म्हणाला, "जायंट्सचा नाही. मेलो तरी नाही." मागचे कुटुंब खो-खो हसले आणि आजींनी त्याला आणखी एक आंबा दिला.

सामना एज हरले. पुलावरून परतताना कोणी त्याबद्दल बोलत नव्हते.

२६ सप्टेंबर २०२४ ला तिथला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ लोकांसमोर ओकलंडने टेक्सासला ३-२ असे हरवले. काहींनी मैदानाची माती डब्यांत भरून नेली. त्याच डिसेंबरात हेंडरसनही वारले. संघ आता सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर खेळतो, नावापुढे कोणत्याही शहराचे नाव न लावता. वेगासचे मैदान व्हायचे आहे. ओकलंडच्या लोकांनी मात्र दुसरा संघ जवळ केला आहे, बॉलर्स नावाचा. खालच्या दर्जाचा, लहानशा स्पर्धेत खेळणारा. पश्चिम ओकलंडमधल्या रायमोंडी पार्कात त्याचे सामने होतात, आणि सामान्य चाहत्यांनाही त्यात हिस्सा विकत घेता येतो. २०२५ ला त्यांनी आपली स्पर्धा जिंकलीसुद्धा.

आमचा नातू आता तिकडे जातो. परवा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका कागदाचा फोटो पाठवला. पेन्सिलीने भरलेले चौकोन, अंक, बाण, आणि कोपऱ्यात खाडाखोड करून लिहिलेली तारीख. त्यातले निम्मे आम्हाला अजून वाचता येत नाही. दोघेही चष्मा लावून बसलो होतो.