अडकल्यासारखं वाटतंय? ॲप वापरा, पण हे लक्षात ठेवा

मागच्या हिवाळ्यात घनसावंगी तालुक्यातला एक तरुण ओपीडीत आला. वय ३१. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ॲसिडिटी, डोकं जड, रात्री झोप नाही. गर्दी होती. मी गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांनी तो त्याच तक्रारी घेऊन परत आला. या वेळी बाहेर पेशंट कमी होते, म्हणून विचारलं, "अरे, नेमकं काय चाललंय?"

"सर, काय करावं तेच समजंना. पाच वर्षं झाली, तिथंच अडकलोय."

पाच वर्षं तो छत्रपती संभाजीनगरला अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करत होता. गावी मोसंबीची बाग, ती वडिलांना एकट्याने आवरत नव्हती. मध्ये एका बियाणे कंपनीत नोकरीची संधी आली, ती विचार करता करता गेली. परीक्षा, बाग की नोकरी, यातलं काहीच ठरत नव्हतं.

"मी प्रयत्न करतोय पण," असं म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. मन:स्थिती नोंदवण्याची, सवयी लावण्याची, निर्णय घ्यायला मदत करण्याची अशी चार ॲप्स होती. एकात सलग ४७ दिवसांच्या नोंदी. रोज न चुकता लिहिलेलं होतं: 'आज गोंधळलेला'.

मी विचारलं, "या ४७ दिवसांत ठरलं काय?" तो खाली बघत राहिला.

आधी डॉक्टर म्हणून सांगायचं ते सांगतो. निर्णय न होणं हा प्रत्येक वेळी स्वभावाचा दोष नसतो. डिप्रेशनच्या निदानासाठी डॉक्टर जी लक्षणं बघतात, त्यांत एकाग्रता न होणं आणि निर्णय न घेता येणं यांचाही समावेश आहे. उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं, त्यासोबत झोप, भूक, थकवा, अशा तक्रारी जवळजवळ रोज दोन आठवडे टिकल्या तर तपासणी करून घ्यावी. थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, रक्त कमी असणं यांनीही माणूस सुस्त होतो, डोकं चालत नाही. म्हणून त्याच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार सुरू केले. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का, हेही स्पष्ट विचारलं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट, कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. तो नाही म्हणाला.

मग मी त्याच्यासारखंच एक ॲप माझ्या मोबाइलवर घेतलं. माझाही एक निर्णय लोंबकळत होता. रात्रीचे पेशंट बघणं थांबवायचं का? माझं बीपी वाढलेलं, घरात कुरकुर, पण गावातले लोक जातील कुठे? ॲपने चांगला प्रश्न विचारला: या बाबतीत आज दहा मिनिटांत काय करता येईल? मी लिहिलं, 'बायकोशी बोलेन.' रात्री ॲपने आठवण केली. मी 'झालं' वर टिक केली. बोललो मात्र नव्हतो. ॲपने अभिनंदन केलं!

दुसऱ्या दिवशी आमच्या कंपाउंडरने विचारलं, "सर, बोललात का मॅडमशी?" त्याच्यासमोर टिक करून भागणार नव्हतं. त्या रात्री बोललो.

ॲप कुठे उपयोगी पडतं आणि कुठे संपतं, ते मला तेव्हा कळलं. डोक्यात फिरणारा गुंता ते कागदावर उतरवल्यासारखा समोर मांडतं, मोठ्या प्रश्नाचा लहान तुकडा करून देतं, रात्री दोनलाही हजर असतं. पण आपण जे सांगू त्यावर ते विश्वास ठेवतं. शिवाय नोंदी केल्याचं समाधान मिळालं की काम केल्यासारखं वाटतं, आणि खरं काम तिथेच राहतं.

आपल्या शेजारच्या गोव्यातला अनुभवही हेच सुचवतो. तिथल्या 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या रुग्णांसाठी एक साधा समुपदेशन कार्यक्रम राबवला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. बरं वाटेपर्यंत थांबू नका, आधी छोटी कृती करा, मन मागून येतं, हा त्याचा गाभा. २०१६ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण डिप्रेशनमधून बाहेर आले होते. फक्त नेहमीच्या उपचारांच्या सुधारित गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. याच संस्थेने पुढे शाळकरी मुलांसाठी मोबाइलवरचा एक खेळ तयार केला. समस्या ओळखा, पर्याय शोधा, करून बघा, या तीन पायऱ्यांचा. मुलांच्या हाती मोबाइल दिला, पण सोबत समुपदेशकही ठेवला.

आम्हीही तेच केलं. केसपेपरच्या मागे त्याने समस्या लिहिली. त्याने आधी लिहिलं, 'करिअर'. मी म्हटलं, "एवढं मोठं नको. या आठवड्यात सगळ्यात जड काय वाटतंय?" बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग लिहिलं: 'यंदा फॉर्म भरला नाही, हे दादांना सांगायचंय.' कृती: रविवारी बागेत. सोमवारी मला फोन.

सोमवारी फोन आला. वडील चिडले नव्हते. ते एवढंच म्हणाले होते, "बहार धरायचा तर ताण तोडायची तारीख ठरवावी लागती. नुसता ताण दिला तर झाड वाळतं." मोसंबीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग त्याने तारीख ठरवली. एक शेवटचा प्रयत्न, बागेत काम करत करत, आणि निकालानंतर दुसरा फॉर्म नाही. निर्णय बरोबर ठरेल का, ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. पण झोप लागू लागली आहे. चारपैकी तीन ॲप्स त्याने काढून टाकली. उरलेल्या एकात तो आता भावना लिहीत नाही, उद्याचं एक काम लिहितो, आणि ते झालं का हे बहीण विचारते.

तुम्हीही ॲप जरूर वापरा. एकच वापरा. तुमची माहिती कुणाला दिली जाते आणि पैसे कधीपासून कापले जातात, हे आधी वाचा. कामाला तारीख लावा आणि 'केलंस का?' विचारणारा एक माणूस नेमा. महिनाभर नोंदी करूनही काहीच हललं नाही, तर ॲप बदलू नका, डॉक्टरांकडे या.

आणि जगणं नकोसं वाटत असेल तर ॲप उघडत बसू नका. घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा, जवळच्या दवाखान्यात जा किंवा १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. पलीकडे माणूस असतो.