नोनाची गाणी

स्पेनमधील टोलेडो या प्राचीन नगरीत चौदाव्या शतकातील एक सिनेगॉग उभे आहे. त्याच्या नक्षीदार भिंतींवर हिब्रू अक्षरे कोरलेली आहेत. आज ते संग्रहालय आहे. देशोदेशीचे प्रवासी तिकीट काढून ते पाहतात. तेथे प्रार्थना करणारी माणसे मात्र पाच शतकांपूर्वीच निघून गेली.

१४९२ साली राजा फर्डिनांड व राणी इसाबेला यांनी आज्ञा काढली : ज्यूंनी धर्म बदलावा, अन्यथा चार महिन्यांत देश सोडावा. हजारो कुटुंबांनी धर्म राखला आणि घर सोडले. त्यांतील अनेकांना तुर्की सुलतानाच्या राज्यात आश्रय मिळाला. सालोनिका, इस्तंबूल, सारायेवो येथे ती वसली. हिब्रूत स्पेनला ‘सेफाराद’ म्हणतात. म्हणून हे लोक सेफार्दी. ज्या देशाने त्यांना घालवून दिले, त्याचीच जुनी भाषा ते घरात बोलत राहिले. लादिनो नावाच्या या भाषेतील अंगाईगीते, विवाहगीते व कथागीते मुख्यतः स्त्रियांनी मुखोद्गत जपली.

१९२३ साली सारायेवोत जन्मलेल्या फ्लोरी जागोडा यांना ही गाणी आजीकडून, म्हणजे त्यांच्या ‘नोना’कडून मिळाली. १९४१ साली ज्यूंवर प्राणसंकट ओढवले, तेव्हा सतरा वर्षांची ही मुलगी झाग्रेबहून खोट्या नावाने आगगाडीत बसली. बोलल्यास ओळख उघड होण्याचे भय होते. म्हणून ती वाटभर अ‍ॅकॉर्डियन वाजवत राहिली. सहप्रवासी गाऊ लागले, तिकीट तपासनीसही त्यांत सामील झाला. ती वाचली. युद्ध संपल्यावर कळले, की नोना व गावाकडील आप्त मारले गेले होते.

पुढे अमेरिकेत संसार करताना फ्लोरीबाईंनी नोनाची गाणी आठवून आठवून गायिली, ध्वनिमुद्रित केली, मुलांना व शिष्यांना शिकवली. १९८३ साली हनुका सणासाठी त्यांनी स्वतः रचलेले ‘ओचो कांदेलिकास’ आज इतक्या घरांत गायिले जाते, की अनेकांना ते पुरातन वाटते. २०२१ साली, ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२०१५ साली स्पेनने कायदा करून निर्वासितांच्या वंशजांना नागरिकत्वाचे दार उघडले. जुन्या ज्यू वस्त्यांची डागडुजी झाली, वाटाडेही नेमले गेले. हे स्वागतार्हच आहे. परंतु वंशज तेथे पोहोचतात, तेव्हा त्या भिंतींशी आपले नाते त्यांना कशामुळे जाणवते? घरातील कोणा आजीने त्यांना झोपवताना त्याच भूमीची भाषा गायिलेली असते.