अंगवळणी पडलेली सायकल

सायकलचा ढळढळीत बिघाड सहसा घात करत नाही. पंक्चर झालं की माणूस उतरतो आणि सायकल हातात धरून दुकान गाठतो. चाकाचा आठचा आकडा झाला तर तिच्यावर बसायला कुणी धजावतच नाही. घात करतो तो रोज केसभर वाढणारा बिघाड. ब्रेकचं रबर झिजत जातं, वायर सैल पडते, पंक्चर नसतानाही ट्यूबमधली हवा हळूहळू उतरते, सीटचा नट जरासा ढिला असला तर सीट खड्ड्यागणिक इवलीशी खाली बसते. यातलं काहीच कालच्यापेक्षा आज वेगळं वाटत नाही. त्यात आपलं शरीर फार सोशिक. लिव्हर जास्त आत जायला लागला की बोटं आपोआप जास्त दाबतात, हवा कमी झाली की मांड्या जास्त जोर लावतात, हँडल एका बाजूला ओढायला लागलं की मनगट त्याला न बोलता सरळ धरून ठेवतं. सायकलची प्रत्येक उणीव आपण अंगावर घेतो आणि काही दिवसांनी तो तिचा स्वभावच आहे असं धरून चालतो. म्हणून माझं म्हणणं असं, की सायकलची खरी अवस्था रोज चालवणाऱ्यालाच सर्वांत कमी कळते. तिची परीक्षा घ्यायची तर ती उभी करून, ठरलेल्या मापांनी घ्यावी लागते. आणि हे काम चालवणाऱ्यानं स्वतः करायचं असतं.

ब्रेकपासूनच सुरुवात करावी. सायकलशेजारी उभं राहून पुढचा लिव्हर पूर्ण दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी. पुढचं चाक जागचं हलता कामा नये, मागचं उचलू लागलं पाहिजे. लिव्हर इतका दाबूनही तो आणि मूठ यांच्यात निदान एक बोट मावायला हवं. मग खाली वाकून रबर बघावं. ते पूर्णच्या पूर्ण रिमवर बसायला हवं. वर टायरला घासत असेल तर ते टायरची भिंत खात जातं आणि एक दिवस टायर तिथूनच फुटतो. रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर ते बदलायचं. खाचा आहेत पण पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय, त्यात धातूचे बारीक कण रुतलेत, तर ते कण टोकून काढून पॉलिश पेपर मारला की बऱ्याचदा काम होतं. पण सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो वायरीला. लिव्हर दाबून धरला की आतल्या कोपऱ्यात वायरीच्या टोकाची धातूची गोळी दिसते. प्रत्येक दाबाला वायर वाकते ती तिथंच, आणि तिचा पीळही तिथंच उसवायला लागतो. आधी एक तार तुटते, मग तिच्या शेजारची. बाहेर दिसणारी वायर धडधाकट असते. रोजचा हलका ब्रेक उरलेल्या चार-दोन तारांवरही लागत राहतो, आणि त्या तारा तुटतात त्या ब्रेक जीव खाऊन दाबावा लागतो तेव्हा. वर्षभर ‘ब्रेक उत्तम लागतो’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला लागणाऱ्या जोरापुरता तो लागतच असतो.

पुढच्या ब्रेकबद्दल आपल्याकडे एक भीती घर करून बसली आहे: तो दाबला की माणूस हँडलवरून पलीकडे पडतो. पालक मुलांना शिकवतात तेच, आणि मग पुढचा ब्रेक तुटला तरी महिनोन्‌महिने कुणी लावून घेत नाही. हिशेब मांडून बघू. ताशी १८ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ब्रेक लागला की अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं आणि थोड्याच जोराला फरफटायला लागतं. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकनं थांबायला साधारण ५ मीटर लागतात. दोन्ही ब्रेक नीट लावले तर अंतर जवळपास निम्म्यावर येतं. दचकून ब्रेक दाबेपर्यंत जो वेळ जातो त्याचे मीटर वेगळेच. उलटून पडण्याची भीती मात्र निराधार म्हणता येणार नाही. हात सैल सोडून, वळणावर किंवा वाळूवर एकदम दाबला तर पुढचा ब्रेक पाडतो. त्यातही सर्वांत धोक्याचा ब्रेक म्हणजे महिनाभर लुळा पडलेला आणि आज दुकानात कसून आणलेला; बोटांना सवय जुन्या जोराची असते. उपाय आहे तो ब्रेक कायम एकसारखा ठेवण्याचा, आणि कोपर ताठ करून, बूड थोडं मागे घेऊन तो चढत्या जोरानं दाबायची सवय करण्याचा. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. उजवीकडे वळताना तोच हात दाखवायला बाहेर काढला की हाताशी उरतो तो कमजोर ब्रेक. म्हणून वेग हात दाखवण्याआधीच कमी करायचा. आणि स्टीलची क्रोम केलेली रिम पावसात भिजली की रबराची पकड फार घटते. चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात. अशी सायकल असेल तर पावसाळ्यात पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवलं तरी ते जास्त होत नाही.

बाकीची मापं चटकन होतात. हवा अंगठ्यानं दाबून बघण्यावर माझा विश्वास नाही, कारण अंगठाही सरावतो. हवेचा आकडा टायरच्या भिंतीवर छापलेला असतो आणि काटा असलेला पंप तो दाखवतो. हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की ट्यूब खड्ड्याची कड आणि रिमचे दोन काठ यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. दोन-दोन स्पोक चिमटीत धरून चाकभर फिरावं. एखादी जोडी लुळी लागली की त्या चाकाचा आऊट काढायची वेळ झाली. चेनचं माप पट्टीनं घेता येतं: नव्या चेनची १२ जोडकड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते, ती १२ इंचांच्या वर एक अष्टमांशाला पोचली की चेन दात सोडायला लागते, आणि तेही चढावर, उभं राहून पॅडल मारताना. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली आणि हँडलच्या कपात खटखट जाणवली तर छर्रे-कोन बघून घ्यायचे. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं एवढं लक्षात ठेवलं तर त्याचे आटे जात नाहीत. रात्री जायचं असेल तर मागचा लाल दिवा हवाच.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की एवढ्यासाठीच तर दुकान आहे, वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग करून घेतो. दुकानदाराची गरज मी नाकारत नाही. कोन बसवणं, आऊट काढणं, कॉटर पिन ठोकणं ही सरावलेल्या हातांची कामं आहेत आणि तिथं हौसेनं पाना चालवला की नुकसानच होतं. पण दुकानदार बघतो त्या दिवशीची सायकल. झीज होते ती दोन ओव्हरऑइलिंगच्या मधल्या दिवसांत. दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा असतो: २८ इंची काळ्या सायकली दांड्याच्या ब्रेकवर तीस-तीस वर्षं चालल्या, कुणी मापं घेत बसलं नाही. त्या सायकली खरंच दणकट होत्या. पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक, जाड टायर, बेतानं चालणारा वेग. त्यांच्यात चुका पोटात घालायची ताकद होती. शिवाय चौकाचौकात सायकलचं दुकान होतं आणि हवा भरता भरता दुकानदाराची नजर चाकावरून फिरत असे. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरातही ती दुकानं आता शोधावी लागतात, म्हणून ती नजर आपल्याकडे हवी. तिसरा आक्षेप नव्या सायकलवाल्यांचा, की डिस्क ब्रेकला बघावं लागत नाही. डिस्कचे पॅड कॅलिपरच्या आत लपलेले असतात, त्यामुळे त्यांची झीज रबरापेक्षाही उशिरा दिसते. आणि खोक्यातून अर्धवट जोडलेली येणारी सायकल घरी जोडताना पुढचा चिमटाच उलटा बसवलेला अनेकदा रस्त्यावर दिसतो. चिमट्याचा बाक मागे जातो, चाक चौकटीच्या जवळ येतं आणि वळताना पायाचं बोट त्याला अडतं. चालवणारा मात्र म्हणतो, ‘हिचं वळणच असं आहे.’

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. सायकलस्वार मरतो तो ट्रकखाली किंवा मोटारीच्या धडकेत. तिथं ब्रेकचं रबर काय वाचवणार? या म्हणण्यातलं दुःख खरं आहे. रस्ते मोटारींसाठी आखले जातात, सायकलचा पट्टा असला तर त्यावर गाड्या उभ्या असतात, आणि याचा जाब ज्यांना विचारायचा त्यांना विचारलाच पाहिजे. सायकल नीट ठेवली म्हणून ही जबाबदारी स्वाराच्या माथी येत नाही. पण त्याच रस्त्यावर मागून येणाऱ्या वाहनाचा अंदाज घ्यायला, कडेच्या गाडीचं दार उघडतंय का हे बघायला लक्ष लागतं, आणि बिघडलेली सायकल तेच लक्ष खाते. चेन सुटेल का या धास्तीनं खाली बघणाऱ्याचं पुढं लक्ष नसतं. एका बाजूला ओढणारी सायकल सरळ रेघेत चालत नाही आणि मागच्या चालकाला तिचा अंदाज येत नाही.

सीटचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथं गैरसमज आणि अन्याय दोन्ही आहेत. पाय जमिनीला टेकतात ती सीट सुरक्षित, असं घरोघरी मानलं जातं. बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, हे खरं माप. सीट याहून बरीच खाली असली की गुडघा छातीकडे येतो, जोर वाया जातो, सायकल डुलत चालते. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो. शिकाऊ मुलाला काही दिवस सीट खाली ठेवायला हरकत नाही, पण ते दिवस संपल्यावर ती कुणी वर करत नाही. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून ८वी ते १२वीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. या वर्षांत मुलींची उंची अजून वाढत असते. आठवीत बसवलेल्या सीटवर बारावीपर्यंत रोज काही किलोमीटर गेलेली मुलगी गुडघे दुखतात म्हणते, तेव्हा तिला अशक्तपणावरची औषधं सांगितली जातात. अशा प्रत्येक शाळेत एक काटा असलेला पंप, एक पान्यांचा संच आणि ब्रेकच्या वायरी ठेवाव्यात. जूनमध्ये शाळा उघडली की आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकेक तास या मापांना द्यावा. सीटचा नट मुलीनं स्वतः सोडवायचा, टाच टेकवून माप घ्यायचं, नळीवरची कमाल उंचीची खूण बाहेर येत नाही ना ते बघायचं आणि नट स्वतःच आवळायचा.