मागचा अंधार

"माझा एक चांगला फोटो काढून ठेव. नंतर तुमची धावपळ नको," आजी दिवाळीत म्हणाली. 'नंतर' म्हणजे कधी, ते सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही. आजोबांच्या वेळी पेन्शनच्या फॉर्मवरचा फोटो मोठा करून लावावा लागला होता. तेव्हापासून ते भिंतीवर धूसरच आहेत.

कराडच्या आमच्या घराची बाहेरची खोली म्हणजे टीव्ही, शिलाई मशीन, कॅलेंडर, दारामागे छत्र्या. यातलं काही दिसायला नको, असं मी ठरवलं. मागे काळंभोर, पुढे फक्त आजी.

त्यासाठी काळा पडदा लागतोच असं नाही. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या अगदी छोट्या भागात येऊन जातो, त्यामुळे शटर किती वेळ उघडं आहे याचा त्याला फारसा फरक पडत नाही. खोलीतल्या उजेडाला पडतो. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवला. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/५.६, शटर १/२००. याहून वेगवान शटर ठेवलं की माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅशच्या फोटोवर काळी पट्टी येते.

फोटो पूर्ण काळा आला.

"काहीच नाही आलं की रे!"

"अगं, असंच यायला हवं." ऑफिसात बग शोधतानाही मी आधी सगळं बंद करतो, मग एकेक चालू करतो.

मग फ्लॅश छत्रीवर लावून तिच्या चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर, एका बाजूला ठेवला. खुर्ची ओढत पार दारापाशी आणली, म्हणजे भिंत फ्लॅशपासून २.४ मीटरवर गेली. अंतर चौपट झालं की उजेड सोळावा हिस्सा उरतो.

क्लिक. सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांतली चमक. मागे काही नाही. मी खूश.

आजी बराच वेळ बघत राहिली. "छान आलाय. पण हे कुठे गेले?"

मला आधी कळेना. मग मागे वळून पाहिलं. तिच्या खांद्यामागेच आजोबांचा फोटो होता. कॅलेंडर आणि छत्र्यांबरोबर मी त्यांनाही पुसून टाकलं होतं.

कॅमेरा स्टँडवर लावला. बाकी काही न बदलता शटर १/१५ केलं. "हलू नकोस हं." चेहरा जवळपास तसाच आला, पण मागचा अंधार जरा विरळ झाला. त्यातून फ्रेमची कड दिसली, चंदनाचा हार दिसला, आणि कोपऱ्यात मशीनचं चाक.

"मशीनपण आलंय," आजी म्हणाली. त्या मशीनवर ब्लाउज शिवून तिने बाबांच्या कॉलेजची फी भरली होती. मी त्याला पसारा समजत होतो.

तिने हाच फोटो निवडला. फ्रेम करून आणलाय. सध्या तो तिच्या कपाटात, लुगड्यांच्या खाली आहे. तिथेच राहू दे म्हणावं, खूप वर्षं.