उजेडात बघू द्या

श्रावणात माझ्या पुतण्याने नांदेड रस्त्यावर हॉटेल काढले. नाव माझ्याकडून घेतले, भांडवल सासऱ्याकडून घेतले आणि दिवे कसे लावावेत या विचारात आठ दिवस घालवले. नाव ठरायला पाच मिनिटे लागली. (मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा नावे माझ्याकडे नुसती पडून असतात असा घरातल्यांचा समज आहे.) आचारी दोन दिवसांत मिळाला. दिव्यांसाठी मात्र खास नांदेडहून एक माणूस आला. त्याने कागदावर नकाशा काढला, प्रत्येक टेबलावर एकेक गोल काढला आणि मला समजावून सांगितले, "काका, गिऱ्हाईक खातं तोंडानं, पण मागवतं डोळ्यानं."

त्याचे म्हणणे असे, की बाहेरच्या पाटीवर प्रकाश पांढरा आणि झगझगीत हवा, कारण भरधाव जाणाऱ्या मोटारवाल्याला थांबवायचे असते. आत मात्र तो पिवळसर आणि निवांत हवा. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. 6500 म्हणजे पांढराफेक, 2700 म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. आत 2700 किंवा 3000 चा लावायचा आणि तोही टेबलावर खाली लोंबता, म्हणजे उजेड भिंतीवर न सांडता ताटात पडतो. शेवभाजीची तर्री लालभडक दिसते, भाकरी खरपूस दिसते आणि समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तजेला येतो. हात धुण्याच्या जागी पुन्हा पांढरा दिवा. तिथे स्वच्छता दिसली पाहिजे.

"आणि गिऱ्हाईक लवकर उठवायचं असेल तर?" मी विचारले.

"मग सगळीकडे पांढराच. चहाच्या टपरीवर बघा ना. माणूस घोट घेतो आणि निघतो."

मी दहावी आणि चित्रकलेच्या परीक्षांच्या जोरावर शाळेत पोरांना रंग शिकवतो. इतक्या वर्षांत मला जे फळ्यावर नीट मांडता आले नाही, ते या पोराने पाच मिनिटांत सांगितले.

तसे पाहिले तर यात नवे काय आहे? आश्विनातल्या अमावास्येला आपण दाराशी पणत्या लावतो. त्या रात्री लक्ष्मी हिंडते आणि जिथे उजेड दिसेल तिथे शिरते, असे आजी सांगे. आणि त्याच संध्याकाळी पेठेतला व्यापारी वही पुजून, दुकान उजळून बसलेला असतो. दिवा दाखवून बोलावण्याची याहून जुनी जाहिरात मला ठाऊक नाही. पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोद याने 1910 साली निऑनच्या नळ्या प्रदर्शनात पेटवून दाखवल्या आणि दोन वर्षांत तिथल्या एका न्हाव्याच्या दुकानावर निऑनची पाटी लागली, म्हणतात. न्हावी तो हुशार खरा. पण आमच्या हिंगोलीच्या दसऱ्यातला कासार काही कमी नव्हता.

रामलीला मैदानावरचा हा दसरा मी लहानपणापासून पाहतो आहे. आता तिथले आकाशपाळणे विजेने लखलखतात. माझ्या लहानपणी बऱ्याच दुकानांत गॅसबत्ती असे. बत्तीतला तो पांढरा जाळीदार मँटल मला फार जादूचा वाटे. हात लावला की त्याची राख होई. ऑस्ट्रियातल्या आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या रसायनतज्ज्ञाने 1885 साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यात थोरियम वापरू लागले, आणि थोरियमवाली वाळू आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावर 1909 साली एका जर्मन माणसाला सापडली. म्हणजे आमच्या जत्रेतल्या गोडीशेवेच्या ढिगावर पडणारा उजेड कुठून कुठे फिरून आलेला, पाहा! तर तो कासार. त्याच्याकडे बत्ती एकच, पण तो तिच्यामागे आणि दोन्ही बाजूंना आरसे उभे करी. एका बत्तीच्या चार बत्त्या होत आणि बांगड्यांच्या दहा माळांच्या चाळीस. बायका तिथेच थांबत.

आमचे अण्णा मात्र या विद्येत अगदीच कच्चे. पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी त्यांचे कापडाचे दुकान होते. आजोबांच्या काळी, म्हणजे हिंगोली निजामाच्या राज्यात होती तेव्हा, तिथे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील टांगलेला असे. अण्णांनी त्या खिळ्याला शंभराचा बल्ब लावला आणि तिथे त्यांची प्रगती संपली. दुकानाचे तोंड उत्तरेला, पुढे दगडी ओटा. उत्तरेच्या उजेडाला ऊन लागत नाही, तो दिवसभर एकसारखा राहतो. चित्रकार त्यासाठी खोलीची खिडकी उत्तरेला मागतात हे मला पुष्कळ नंतर कळले. अण्णांना ते आधीपासून ठाऊक होते. गिऱ्हाइकाने लुगड्याला हात घातला, की ते स्वतः उठून ओट्यावर येत आणि पदर पसरून धरीत. खेड्यापाड्यातून आलेल्या बायांना हे इतके अंगवळणी पडले होते, की त्या दुसऱ्या दुकानात गेल्या तरी म्हणत, "मालक, जरा उजेडात बघू द्या."

बल्बच्या उजेडात निळे किरण फार थोडे. त्यामुळे गडद निळे कापड त्याखाली काळे दिसते, जांभळ्याचा तपकिरी होतो, फिकट पिवळे आणि पांढरे ओळखू येत नाही. म्हणून दिवेलागण झाली की अण्णा निळी, जांभळी आणि काळी पातळे काढीतच नसत. "सकाळी या," म्हणत. आई कपाळाला हात लावी. सकाळी येणारे गिऱ्हाईक वाटेतल्या दुसऱ्या दुकानाला लागते, हे तिला समजत होते.

आणि तसे एक दुकान अगदी समोर उभे राहिले. मी दहावीच्या परीक्षेतून मोकळा झालो होतो. 1995 सालचा उन्हाळा. समोरच्यांनी छताला ट्यूबच ट्यूब लावल्या, खांबांना आरसे बसवले. संध्याकाळी आमच्या दुकानातून समोर पाहिले, की अंधाऱ्या थेटरात बसून पडदा पाहतो आहोत असे वाटे. मी अण्णांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी दोन ट्यूब लावून घेतल्या. त्या पहिल्यांदा फडफडून पेटल्या तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी मुद्दाम रस्ता ओलांडून समोरून आमचे दुकान पाहून आलो.

चौथ्या की पाचव्या दिवशी अण्णा जेवायला घरी गेले असताना सेनगावकडचा एक शेतकरी आला. मुलीचे लग्न होते. मी त्याला डाळिंबी शालू दाखवला आणि त्यावर ब्लाउजचे कापड जुळवून दिले. ट्यूबखाली दोन्ही धरले. तसूभर फरक नव्हता. मी मोठ्या ऐटीत कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप आणि मुलगी ओट्यावर उभी होती. शालू डाळिंबी होता आणि ब्लाउजपीस चक्क विटकरी. मुलगी काही बोलत नव्हती, नुसती त्या दोन कपड्यांकडे पाहत होती. बाप मात्र अण्णांना एवढेच म्हणाला, "रात्री बरुबर दिसत होतं, मालक. माझीच नजर फसली असंल."

त्याने दोष स्वतःच्या नजरेला दिला, हे मला अजून टोचते. अण्णांनी कापलेला तुकडा परत घेतला, ओट्यावर तीन ठाणे उलगडून दुसरा जुळवून दिला. मला ते एक शब्द बोलले नाहीत. विटकरी तुकडा त्यांनी ट्यूबच्या खाली खुंटीला अडकवला आणि तो तिथे दोन वर्षे होता. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे एका उजेडात एक दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून वेगळी होतात. आणि त्या जुन्या ट्यूबमध्ये तर लाल फारच कमी. याला मेटॅमेरिझम म्हणतात. पण ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी मॅचिंग आणले आहे, तिला हे नाव ठाऊक असण्याची काही गरज नाही.

पुढे भारनियमनाचे दिवस आले, तेव्हा थोडी मौज झाली. सगळी पेठ काळोखात आणि आमचा ओटा दिवसभर तसाच उजळ. अण्णांची विक्री चार दिवस वाढली. मग समोर जनरेटर आला. 2014 साली आम्ही दुकान बंद केले. दिव्यांनी आमचे दुकान गिळले, असे मी बरीच वर्षे लोकांना सांगत असे. ते पूर्ण खरे नाही. समोर तयार कपडे होते, साड्यांच्या नव्या तऱ्हा होत्या, उधारी होती, आणि पोरे हसून बोलत. आमच्याकडे फक्त खरा रंग होता.

शिवाय दिवेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. निळा एलईडी शोधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली नोबेल मिळाले. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या रसायनाचा लेप चढवला की पांढरा उजेड होतो. हलक्या दिव्यात लाल पुन्हा कमीच, पण चांगला दिवा दिवसाच्या उजेडाच्या पुष्कळ जवळ जातो. दिव्याच्या माहितीत सी.आर.आय. असा एक आकडा असतो. तो 100 च्या जितका जवळ, तितके रंग खरे. आपण वॅट विचारतो, किंमत विचारतो, हमी विचारतो. हा आकडा विचारणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही. सराफ मात्र सोन्यावर पिवळा आणि चांदीवर पांढरा दिवा न चुकता लावतो, आणि टोमॅटोवाला लाल ताडपत्रीच्या सावलीत बसतो. मोंढ्यातला हळदीचा व्यापारी तेवढा दिवसाउजेडी, उघड्यावर हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. घेताना सगळेच शहाणे असतात.

आता अण्णांच्या डोळ्याचे सांगतो. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. आषाढात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर घरी आले आणि अंगणातच थबकले. "दाराला एवढा निळा रंग कुणी दिला?" दार दहा वर्षांपूर्वी रंगवलेले. डॉक्टरांनी सांगितले, की वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा रंग अडवते. हे इतके हळू होते, की माणसाला पत्ता लागत नाही. डाव्या डोळ्यात जुने भिंग अजून तसेच होते. अण्णांना खेळच मिळाला. दिवसभर ते एकेक डोळा झाकून घरातल्या वस्तू पाहत.

हॉटेलच्या उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. त्या लोंबत्या पिवळ्या दिव्याखाली माझी बायको खरोखर दहा वर्षांनी लहान दिसत होती आणि मी तिला तसे सांगितलेही. हे खोटे म्हणायचे का, मला ठरवता येत नाही. अण्णा ताटाकडे पाहत एक डोळा झाकीत, मग दुसरा. "इथं दोन्ही डोळे सारखंच सांगतात," ते म्हणाले. पुतण्या हसला. मला कळले, की या दिव्यात निळे थोडेच, तेव्हा फरक दिसणार कुठून? पण अण्णा हसले नाहीत. पुढे ते जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडून जुनी पेटी उघडून घेतली. दुकान बंद करताना उरलेला माल तिच्यात होता. तळाची एक साडी काढून ते घराच्या ओट्यावर गेले. उजवा डोळा झाकला आणि म्हणाले, "काळी." डावा झाकला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पाहिले, साडी गडद निळी होती.

मग त्यांनी सांगितले. दुकानाची ती शेवटची संक्रांत. नर्सीकडची एक बाई लेकीच्या पहिल्या संक्रांतीसाठी काळी चंद्रकळा मागायला आली. एका रंगाच्या दोन साड्या होत्या. त्यांतली एक त्यांनी ओट्यावर, भर दिवसा पसरली. बाई म्हणाली, "मालक, ही निळी वाटती." अण्णांना राग आला. चाळीस वर्षे या ओट्यावर रंग दाखवतो आहे, असे ते तिला बोलले. ती ओशाळली. म्हणाली, "मालक म्हणतात म्हंजे काळीच असंल." पैसे मोजले आणि गेली.

"तिला बरोबर दिसत होतं," अण्णा म्हणाले.

त्यांनी मला पैसे दिले आणि काळी साडी आणायला पाठवले. मी समोरच्याच दुकानात गेलो. आता ते दुमजली आहे, काचेच्या दारांचे. पोराने साडी काढली. मी म्हणालो, "जरा उजेडात बघू द्या."

त्याने छताकडे पाहिले. "इथं उजेड कमी आहे का, सर?"

तरी मी ती घेऊन बाहेर पायऱ्यांवर आलो. पहारेकरी माझ्या मागोमाग आला आणि शेजारी उभा राहिला. साडी काळी होती. मी ती त्यालाही दाखवली. तो म्हणाला, "काळीच हाय, सर."

ती साडी पेटीत निळीच्या वर ठेवली आहे. बाईचे गाव अण्णांना आठवत नाही. नर्सीच्या बाजूची, आणि हातावर हिरवे गोंदण होते, एवढेच. डावा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे. तो झाला की नर्सीला जाऊन विचारपूस करू, म्हणतात. संक्रांतीला अजून अवकाश आहे.