परळची वारी

मुंबई म्हटलं की आपल्याला चौपाटी, राणीची बाग, दादरची साडीखरेदी आठवते. पण आपल्याच आळीतली एखादी वहिनी दर तीन आठवड्यांनी मुंबईला जाते, ती परळच्या टाटा रुग्णालयात, केमोथेरपीसाठी.

लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली हे रुग्णालय उघडलं. मध्य रेल्वेचं परळ स्टेशन जवळ, के.ई.एम. तर शेजारीच. फाटकापाशी सारा भारत भेटतो. कुणी बंगालची, कुणी बिहारची, आणि प्रत्येकीच्या पिशवीत फाईल! पदपथावर पथारी टाकलेली कुटुंबंही दिसतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशा जागा आहेत, पण निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

डोसाआधी रक्त तपासतात. पेशी कमी भरल्या तर डोस पुढे ढकलतात, म्हणजे मुक्काम वाढला! नंतर सलाईनमधून तासन् तास औषध. त्यातलं एक लालभडक असतं. त्याने लघवीही एक-दोन दिवस तांबूस होते. घाबरू नये. काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस गळतात, विंचरताना पुंजकेच्या पुंजके हातात येतात. उपचार संपले की बहुधा पुन्हा उगवतात.

पण खरी कसोटी घरी परतल्यावर. डोसानंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. नेमकं तेव्हाच सारं गाव भेटीला येतं, सर्दीने शिंकणारी पोरं घेऊन! आणि ही बिचारी चहा टाकायला उठते. मैत्रिणींनो, त्या दिवसांत फोनवर बोला आणि दाराशी डबा ठेवून या. ताजी, मऊ मुगाची खिचडी द्या, तिखट नको, कारण तोंड आलेलं असतं. कच्ची कोशिंबीर, बाहेरचा रस नको. पाणी उकळून गार केलेलं.

आणि ताप! थर्मामीटर १००.४ दाखवू लागला की गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. परळ गाठायचीही वाट नको. रात्र असली तरी जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, फाईल दाखवा, "केमो चालू आहे" हे आधी सांगा. आपल्या बायका अंगावर ताप काढतात, घरच्यांना त्रास नको म्हणून. या दुखण्यात तसं केलं तर जिवावर बेतेल. म्हणून तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो आकडा आजच ठळक लिहून ठेवा, आणि दवाखान्याचा फोनही.