गरम हमस, ताजं सौभद्र

हमस गरम खायचा असतो! आजवर माझ्या ओळखीचा हमस म्हणजे दुकानातल्या फ्रीजमधून आलेला, प्लॅस्टिकच्या डब्यातला, थंडगार आणि जरा आंबूस. आणि तिकडे बैरूतला, दमास्कसला, जेरुसलेमला लोक तो सकाळी न्याहारीला खातात. नुकत्याच शिजलेल्या चण्यांचा, अजून ऊब असलेला, वर ऑलिव्ह तेलाची धार, सोबत कच्चा कांदा आणि लोणचं. पातेलं रिकामं झालं की भर दुपारीच दुकान बंद करणारे हमसवाले तिथे कितीतरी आहेत. हे कळलं त्याच रात्री मी काबुली चणे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी बालगंधर्व रंगमंदिरात रात्री साडेनऊचा ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग होता, आणि संगीत नाटक रंगमंचावर बघण्याची माझी ती पहिलीच वेळ. म्हणून बेत ठरला: सातला हमस, साडेनऊला सौभद्र. अजून मी त्या दिवसातून बाहेर आलेले नाही!

आधी ताहिनी, कारण सगळी किमया तिच्यात आहे. पांढरे, पॉलिश केलेले तीळ मंद आचेवर नुसते गरम करायचे. रंग बदलला की कडवटपणा आलाच, म्हणून हात हलता ठेवायचा. मग चटणीच्या भांड्यात घालून मिक्सर फिरवायचा. आधी होतं ते तिळाचं कूट, आपलं रोजचं. आपण सगळे तिथे थांबतो! तिथे थांबायचंच नाही. कडेला चिकटलेलं खाली ओढत, भांडं तापू नये म्हणून मध्ये दम घेत, फिरवत राहायचं. कूट ओलसर होतं, त्याचा गोळा होतो, मग तीळ आपलं तेल सोडतात आणि अचानक तो गोळा वाहायला लागतो. पिढ्यान्पिढ्या आपल्या घरात संक्रांतीला तीळ कुटले गेले, आणि ताहिनी आपल्यापासून मिक्सरच्या फक्त काही फेऱ्यांवर होती!

चण्यांची युक्ती खाण्याच्या सोड्यात आहे. भिजवताना चिमूटभर, शिजवताना पुन्हा चिमूटभर. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि चण्याच्या सालीतलं, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं, त्यामुळे चणा नुसता शिजत नाही, विरघळायला येतो. फेस खूप येतो, म्हणून कुकर निम्म्याहून कमी भरावा. चणा दोन बोटांत धरला की जोर न लावता लोणी व्हायला हवा; छोल्यांसाठी शिजवतो त्याच्या बऱ्याच पुढे जायचं.

लसूण ठेचून लगेच लिंबाच्या रसात टाकायचा. लसणाला उग्र करणारं विकर आंबटात काम करेनासं होतं, म्हणून चव राहते आणि झोंबणं जातं. मग त्यात ताहिनी, मीठ, आणि आता नीट बघा: लिंबाचा रस लागताच ताहिनी आवळते, घट्ट होऊन बसते. तेवढ्यात बर्फाचं पाणी चमच्याचमच्याने घालत फेटत राहायचं, की ती सैल होते, फुलते आणि रंग बदलून जवळजवळ पांढरीशुभ्र होते. डोळ्यांसमोर! त्यात गरम चणे घालून मिक्सरमधून गुळगुळीत काढले, ताटलीत पसरून चमच्याच्या पाठीने आळं केलं, तेल, जिरेपूड, थोडं लाल तिखट.

तेराव्या शतकात कैरोत लिहिल्या गेलेल्या पाकपुस्तकांत चण्याच्या अशा थंड लगद्यांच्या कृती सापडतात, आणि हा पदार्थ नेमका कुणाचा यावरून तिकडे आजही जीव तोडून भांडतात. 2010 मध्ये लेबनॉनने 10,452 किलो हमस करून विक्रम केला, तो आकडाही देशाच्या क्षेत्रफळाचा, 10,452 चौरस किलोमीटरचा! पहिला घास घेतल्यावर मला ते भांडण पूर्ण पटलं. आम्ही तो तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीशी खाल्ला. आत्या म्हणाली, “अगं, घरात सगळं होतं की हे!” होतंच. चणे, तीळ, लिंबू, लसूण.

आणि सौभद्रही घरात होतंच. रेडिओवर, आजोबांच्या कॅसेटमध्ये, आता फोनवर. पदं मला पाठ होती. पण पद गळ्यात कसं येतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं!

बालगंधर्व रंगमंदिर उघडलं 26 जून 1968 रोजी. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची पूर्णाकृती चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. त्यांच्यासमोर आम्ही उभे असतानाच घंटा झाली. आत धावलो. तिसरी घंटा, अंधार, ऑर्गनचा सूर, नांदी, पडदा.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, कृष्णाच्या मनात अर्जुन आहे, आणि अर्जुन संन्याशाच्या वेषात बलरामाच्याच घरी येऊन राहतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 मध्ये हे रंगभूमीवर आणलं तेव्हा सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. साक्या, दिंड्या, कर्नाटकी चाली, सगळं किर्लोस्करांनी यात ओतलं. पण मला वेड लावलं ते बोलण्यातून गाण्यात जाण्याच्या क्षणाने. पात्र साधं बोलत असतं, वाक्य संपता संपता ऑर्गनवाले एकच स्वर धरतात, नटाकडे एक नजर टाकतात, आणि पुढचा शब्द गाणं झालेला असतो. सांधा दिसत नाही! बोलून जे मावत नाही तेवढंच गायचं, असा काही करार असल्यासारखं.

कृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचं सांगतो, तो प्रवेश घ्या. पद देसकारात आहे, सकाळच्या रागात. बाहेर जंगली महाराज रस्त्यावर मध्यरात्र जवळ येत होती आणि आत, शपथेवर सांगते, उजाडलं.

पद संपलं, आणि मागून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” शेजारच्या खुर्चीतले आजोबा मांडीवर ठेका धरून बसले होते, तेही ओरडले, मग मीही. कृष्ण हसला, रुक्मिणी थांबली, गोष्ट थांबली, आणि त्याने पद पुन्हा घेतलं. तेच नव्हे! या वेळी तो वरच्या षड्जावर रेंगाळला, एक वेगळीच तान घेऊन खाली आला, आणि तबलजींनी ती समेवर अशी झेलली की सगळं सभागृह ‘वा!’ म्हणालं. ती तान कुठल्याही कॅसेटमध्ये नाही. आम्ही मागितली म्हणून ती त्या मिनिटाला जन्माला आली. आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, पहिल्यांदाच आलात का?” हो म्हटल्यावर त्यांना माझ्याहून जास्त आनंद झाला. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत त्यांनी मला ‘मानापमान’बद्दल इतकं सांगितलं, 1911 चं खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, की दुसरा अंक सुरू होण्याआधीच मी ते बघायचं नक्की करून टाकलं.

तेव्हा ‘मानापमान’चा प्रयोग लागला की मी सगळ्यांना घेऊन जाणार आहे. तुम्हीही जा, आणि तिकीट काढताना ऑर्गन-तबला कुठल्या बाजूला बसतात ते विचारून त्याच बाजूच्या, जमेल तितक्या पुढच्या खुर्च्या घ्या. पद आवडलं तर लाजू नका, मोठ्याने मागा!